गाय देऊन घेतलेलं इंजिन

नासलेलं दूध ओतताना चांगल्या दुधासारखी धार लागत नाही. आधी पिवळट पाणी सुटतं, मग लोदे पडतात, एकेक, जड, आणि प्रत्येक लोद्याबरोबर असा आंबूस भपकारा येतो की सकाळचं खाल्लेलं घशाशी यावं. आक्कानं अकरावा कॅन तळ्याच्या काठावर उपडा केला, बुडावर दोन थापा मारल्या आणि आत चिकटलेलं बोटांनी खरवडून काढलं. बोटं चिखलात पुसली. चिखलालाही वास होता. यंदा तळं इतकं आटलं होतं की धक्क्यापासून पाण्यापर्यंत शंभर पावलं नुसता काळा राडा उघडा पडला होता, आणि त्यात मेलेली मासोळी, शेवाळ, कुणाची तरी एक चप्पल, असं सगळं भर दुपारच्या उन्हात शिजत होतं.

"अजून सात आहेत," दोन हातांत दोन कॅन लटकवून आलेली सूनबाई म्हणाली.

"मला मोजता येतं."

सूनबाईनं दोन्ही कॅन खाली ठेवले. तिला गप्प बसायची सवय होती. बारा वर्षं होती.

धक्क्यावरून दूध केंद्राचे साहेब उतरले. नाकाला रुमाल, बगलेत वही. चिखलाच्या कडेला येऊन थांबले, बूट खराब नकोत म्हणून.

"आक्का, या महिन्यात ही दुसरी वेळ."

"टँकर पाच मिनिटं थांबला असता तर काही बिघडलं नसतं साहेब."

"आणि उन्हात सगळाच टँकर नासला असता म्हणजे? उन्हाळा आहे म्हणून तर नऊचा टँकर आठला केलाय. तिसऱ्यांदा चुकलात तर पलीकडचं दूध ट्रकवाला आणील. तळ्याला वळसा घालून येतो म्हणतोय. लांब पडेल, पण वेळेत येईल."

"ट्रकवाला!" आक्का म्हणाली. तिनं तो शब्द असा उच्चारला की दुधातलं झुरळ चिमटीत धरून बाहेर टाकावं.

पलीकडच्या काठाचं दूध आक्काची होडी तीस वर्षं आणत होती. आधी नवरा होता आणि वल्ही होती. नवरा गेला, मग एक लहानसं इंजिन आलं, ते खोकत खोकत एकोणीस वर्षं चाललं. या तीस वर्षांत रोज सकाळी साहेबाच्या वहीत आक्कानं आपल्या नावाची चार अक्षरं स्वतःच्या हातानं काढली होती. शाळा तिनं दीड वर्ष पाहिली, पण अंगठा कधी उठवला नाही. चार साहेब बदलले, वह्या किती बदलल्या त्याला गणती नाही, अक्षरं तीच. धक्क्यावरचे बाकीचे अंगठा उठवत आणि मग बोट डोक्याला पुसत. आक्का ते बघून तोंड फिरवून घेई. आणि दुसरा तिचा मान म्हणजे होडी. दर वर्षी होडीच्या बुडाला ती स्वतः उभी राहून डांबर लावी. दुसऱ्या कुणाला कुंच्याला हात लावू देत नसे. धक्क्यावर प्रत्येकाच्या होडीत पाणी झिरपे, आक्काची होडी मात्र आतून कोरडी ठणठणीत.

टँकर लवकर निघायला लागला तेव्हा जुनं इंजिन पुरेना. म्हणून तिच्या धाकट्या दिरानं, भावजींनी, नवीन घेतल्यावर पडून राहिलेलं त्यांचं इंजिन देऊ केलं. जुन्याच्या तिप्पट ताकदीचं. बदल्यात आक्कानं आपली गाभण गाय दिली. आणि आता ते इंजिन होडीच्या मागच्या फळीला निळं झगझगीत लटकून नुसतं बोंबलत होतं. आवाज असा की पलीकडच्या काठावर म्हातारी माणसं दचकून उठावीत, आणि चाल अशी की शेजारून बदक पुढं जावं.

"रंग लावून दिलंय मेलं," आक्का म्हणाली. तिनं नखानं इंजिनाची टोपी खरवडली. निळ्याखाली तांबेरा निघाला. "शी! मुडद्याला पावडर."

"आई, रंग सगळेच लावतात," तिचा मुलगा म्हणाला. त्याला सगळे लांब्या म्हणत, तीही म्हणे. उंच होता, वाकून चालायचा, आणि आईसमोर आणखी चार बोटं वाकायचा.

"तू बोलू नकोस. तुला दाखवलं निळं, तू भुललास. लग्नाच्या वेळी बरं तुझ्या हातात निवड दिली नाही आम्ही."

सूनबाईनं बारावा कॅन उपडा केला.

*

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी मिस्त्री आला. इंजिन काढून अंगणात आणलेलं होतं. हुशार माणूस, पण त्याचं नाक बारा महिने वाहायचं आणि ते तो कोपरानं पुसायचा. आक्कानं त्याला पाणी दिलं ते लांबूनच, आणि तो प्याला वेगळा ठेवला.

त्यानं इंजिनाची टोपी काढली. आतून शिळ्या पेट्रोलचा उग्र, तेलकट वास आला. दोन प्लग काढून त्यानं उन्हात धरले. काजळीनं भरलेले, ओले.

"हे बघा. पेट्रोल कधीचं होतं टाकीत?"

"भावजींनी भरून दिलेलं," लांब्या म्हणाला.

"म्हणजे वर्षाचं असेल. वार्निश झालंय त्याचं." मिस्त्रीनं कार्बोरेटर सोडवला, वाटीभर ताज्या पेट्रोलात बुडवला, बारीक तारेनं भोकं मोकळी केली, तोंडानं फुंकली. फुंकलं तसं नाकातलंही खाली आलं. आक्का उठून दाराशी गेली आणि तिथूनच बघत राहिली. त्यानं पेट्रोलच्या गाळणीतून चमचाभर पाणी काढलं. खालचा भाग उघडून, इंजिन गार ठेवायला पाणी ओढतं ते रबरी चाक काढलं. त्याच्या सहा पाकळ्यांतल्या दोन तुटलेल्या होत्या. पिशवीतून दुसरं काढून बसवलं. पाणी कापणारा पंखा हातानं फिरवला, त्याची धार बोटानं तपासली, एक चेपलेली कड हातोडीनं सरळ केली.

"इंजिन बाकी पक्कं आहे आक्का. आता नव्याच्या तोंडात मारेल."

"मारू दे, मग बोल."

इंजिन परत फळीला बसवून होडी पाण्यात ढकलली. रोज ढकलायचे तशीच: लांब्या पुढून ओढायला, सूनबाई मागून, गुडघाभर राड्यात, खांदा होडीच्या मागच्या कडेखाली घालून. मग मिस्त्री मागं बसला, दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला इंजिन पेटलं. आवाज बदललेला होता हे आक्कालाही कळलं. घोगरेपणा गेला होता, सणसणीत झाला होता. मिस्त्रीनं वेगाचा दांडा पिळला. होडीनं नाक वर केलं, ढुंगण खाली टेकलं, इंजिन किंचाळलं, मागं परटाच्या घाटासारखा पांढरा फेस उसळला. आणि होडी गेली ती मघाच्याच चालीनं. दहा माणसांनी ओरडून एकानं ओढावं तशी.

मिस्त्रीनं इंजिन हळू केलं. मागं वाकून त्यानं पाण्यात हात घातला, फेस ओंजळीत घेतला.

"पंख्याला पाणीच मिळत नाहीये आक्का. फेस मिळतोय. फेसाला पंखा कुठं धरणार? म्हणून नुसता फिरतोय."

"मग खाली घे इंजिन."

घेतलं. काठावर येऊन लांब्यानं मागची फळी दोन बोटं तासली, इंजिन तेवढं खाली बसवलं. फरक नाही. मिस्त्रीनं मागची खीळ एक भोक पुढं घेतली, इंजिन होडीकडं झुकवलं. नाक थोडं खाली आलं, फेस तोच. सूर्य टेकायला आला होता. मिस्त्री होडीतून उतरला आणि चिखलात उभा राहून होडीकडं बघत राहिला. इंजिनाकडं नाही, होडीकडं.

"एकदा उलटी करून बुड बघा. पंख्याच्या पुढं काहीतरी आहे, ते पाणी फोडतंय."

"माझी होडी?" आक्का म्हणाली. "या धक्क्यावर सगळ्यांच्या होड्या गाळणीसारख्या गळतात. माझ्या होडीत तीस वर्षांत थेंब आला नाही. आणि तू मला बुड बघायला सांगतोस? आधी नाक पूस."

मिस्त्रीनं नाक पुसलं. कोपरानं. आणि गेला.

*

बुधवारी त्यांनी निम्मेच कॅन आणले. आठाला चार मिनिटं कमी असताना पोचले. गुरुवारीही निम्मे, आणि शेवटच्या टप्प्यात लांब्यानं वल्ही मारली, इंजिन चालू असताना. धक्क्यावर लोक हसले. इंजिन आणि वल्ही एकदम चालवणारा माणूस त्यांनी पहिल्यांदा पाहिला असेल. लांब्याच्या हाताला फोड आले, ते फुटले, आणि त्यातलं पाणी वल्ह्याच्या मुठीला चिकट होऊन बसलं.

पलीकडच्या गवळ्यांनीही निरोप दिला. उरलेल्या निम्म्या कॅनांचं दूध त्यांनी दोन दिवस कालवडींना पाजलं होतं. शुक्रवारी केंद्राच्या टाक्या धुतात म्हणून फेरी नसते. शनिवारी सगळे कॅन न्या, म्हणाले, नाहीतर एकही नेऊ नका.

गुरुवारी उन्हं कलल्यावर आक्कानं इंजिन फळीवरून काढायला लावलं. वाशाला दोरीनं बांधलं. पुढं लांब्या, मागं सूनबाई, मधे ते निळं धूड डुलतंय, आणि सगळ्यांच्या पुढं आक्का रिकाम्या हातानं. भावजींचं घर काठाकाठानं पाऊण तासावर. इंजिनातून पेट्रोल ठिबकत होतं, वाशावरून सूनबाईच्या खांद्यावर येत होतं. खांदा होडी ढकलून आधीच सोललेला. तिनं वासा दुसऱ्या खांद्यावर घेतला. 

भावजी अंगणात बसले होते. त्यांच्या गोठ्यात आक्काची गाय उभी होती. व्यायली होती. वासरू लुचत होतं, आणि गायीचं अंग असं चकचकीत की आक्काला ती आधी ओळखूच आली नाही. गायीला मात्र आक्का ओळखू आली. तिनं मान वळवून हंबरा दिला. आक्कानं तिच्याकडं पाहिलं नाही.

"या वहिनी! मिरवणूक कसली?"

"तुमचं रत्न परत आणलंय. माझी गाय सोडा."

भावजी हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. आक्कानं येताना वाटेत भांडण पूर्ण पाठ केलं होतं, कुठल्या वाक्याला कुठलं वाक्य टाकायचं ते ठरवलं होतं. हसणं त्यात धरलं नव्हतं.

"चालत नाही म्हणता?"

"बोंबलतं. चालत नाही."

"चला, बघू."

त्यांनी स्वतःच्या होडीचं नवं इंजिन उतरवलं, हे चढवलं. होडी आक्काच्या होडीएवढीच, त्याच सुताराच्या हातची. अठरा रिकामे कॅन पाण्यानं भरून आत ठेवायला लावले. "तुमच्याएवढंच ओझं, नंतर बोलायला नको." आक्काला पुढं बसवलं. लांब्या मधे. दोरी ओढली, एकाच ओढीला पेटलं, भावजींनी दांडा पिळला, आणि आक्काचं डोकं मागं गेलं.

होडी पाण्यावर चढली. नाक वर करून तशीच न राहता नाक खाली घेऊन, सपाट, कैचीनं कापड कापत जावी तशी. मागं फेस नव्हता. दोन बाजूंना दोन स्वच्छ रेघा होत्या. शिंतोडे आक्काच्या तोंडावर आले, तोंडात गेले. तळ्याचं कोमट, हिरवट, मासळलेलं पाणी. ती थुंकली, ते वाऱ्यानं उलटं तिच्याच गालावर आलं.

"आई!" मागून लांब्या ओरडला. हसत होता. चाळिशीला आलेला घोडा, टाळ्या पिटायचा बाकी होता. "आई, बघ की!"

आक्काला त्याच्या हसण्याची शिसारी आली.

काठाला लागल्यावर भावजींनी इंजिन बंद केलं. शांत झालं. मग ते म्हणाले, आणि आता ते हसत नव्हते, "खोट इंजिनात नाही वहिनी. दादा दर वर्षी होडी उलटी टाकून आठ आठ दिवस बुड खरवडायचे. लाकूड दिसेपर्यंत. मग एक पातळ हात डांबराचा. तुम्ही खरवडता ना?"

"मग काय!" आक्का म्हणाली.

ताडकन म्हणाली. आणि पदरानं गाल पुसला.

परतीच्या वाटेवर वासा मघाएवढाच जड होता, पण आता आक्का मागून चालत होती. तिला सगळं आठवत होतं. न आठवण्यासारखं त्यात काही नव्हतं. उलट्या होडीखाली उकिडवा बसलेला नवरा, अंगावर काळी भुकटी, केसांत शेवाळ, आणि बुडाला वर्षभर चिकटलेल्या किड्यांचा, शिंपल्यांचा, कुजलेल्या घाणीचा वास. तो वास तिला सहन होत नसे. ती लांब पायरीवर नाकाला पदर लावून बसे आणि ओरडे, "झालं की हाक मारा!" आठ दिवसांनी हाक येई. तोवर चुलीवर डांबर उकळत असे, आणि गरम डांबराचा वास तिला आवडायचा. कुंचा तो मारी, ती जवळ उभी राही. तो गेल्यावर तिनं तेवढंच केलं होतं, जेवढं तिनं जवळ उभं राहून पाहिलं होतं. होडी उलटी करायची, पुढचा भाग दगडावर चढवायचा, उकळतं डांबर ओतायचं. जाड. सढळ हातानं. लोकांनी बघावं असं.

घरी आल्यावर तिनं हातपाय धुतले. बराच वेळ धुतले. सूनबाई ओसरीवर बसून खांद्याला तेल लावत होती.

"काय गं," आक्का म्हणाली, "तू ढकलताना होडीच्या बुडाला हात लागत असेल तुझा."

"खांदा लागतो."

"कसं लागतं?"

सूनबाईनं तेलाची बाटली खाली ठेवली. "खरं सांगू?"

"नको. सांग."

"सगळं बुड गाठीगाठींचं आहे. आणि मागच्या कडेला, इंजिनाच्या अगदी पुढं, डांबर ओघळून ओघळून माझ्या मनगटाएवढा ओठ आलाय. या टोकापासून त्या टोकापर्यंत. माझं हे नख तिथंच गेलं." तिनं अंगठा दाखवला. नख खरंच नव्हतं. आक्कानं ते आजवर पाहिलं नव्हतं.

"मग इतकी वर्षं तोंडात काय धरलं होतंस?"

"लग्नानंतर दुसऱ्या वर्षी बोलले होते. तुम्ही म्हणालात, डांबर लावायला तुला बापानं शिकवलं का?"

"असं म्हणाले मी?"

"लोकांसमोर."

आक्का उठली, आत गेली, आणि पटाशी शोधायला लागली.

*

शुक्रवारी उजाडताच होडी काठावर उलटी टाकली. लांब्यानं पहिला घाव घातला तसा बशीएवढा टवका उडाला, पण लाकूड दिसलं नाही. दुसरा काळा थर दिसला. त्याखाली तिसरा. कडेला तुटलं तिथं थर मोजता येत होते, एकोणीस वर्षांचे एकोणीस. प्रत्येक दोन थरांच्या मधे त्या त्या वर्षाची घाण जशीच्या तशी पुरून ठेवलेली: वाळलेलं शेवाळ, शिंपल्यांचा चुरा, बदकाचं पीस, माशांचे खवले, एक आख्खं मेलेलं झुरळ, पंखांसकट. होडी आतून कोरडी राहिली होती ती आक्काच्या हाताच्या कसबानं नाही. एवढ्या जाड सालीतून पाणी येणार कुठून?

"मला दे," आक्का म्हणाली.

"आई, तू नको. कंबर..."

"दे म्हटलं ना."

ती मागच्या कडेशी बसली. त्या ओठाशी. ओठ कसा झाला ते उघड्या डोळ्यांनी दिसत होतं. पुढचा भाग दगडावर, मागचा उतारावर, वरून सढळ हातानं ओतलेलं डांबर दर वर्षी वाहत मागं यायचं आणि कडेवर गोठायचं. वल्ह्यांना आणि त्या खोकणाऱ्या इंजिनाला त्याचं काही वाटलं नाही. जोराचं इंजिन लागलं आणि पाणी त्या ओठावर आपटून फुटायला लागलं.

तिनं पटाशी टेकवली आणि दगडानं हाणली. सकाळच्या गारव्यात टवके कडकडीत उडत होते. एक तिच्या ओठावर बसला. ती थुंकली. ऊन वर आलं तसं डांबर मऊ व्हायला लागलं. आता ते तुटेना, पटाशीला चिकटून गुळाच्या पाकासारखं लांब येई, बोटांना लागे, बोटांवरून मनगटावर, घाम पुसायला जावं तर कपाळावर. सूनबाई गार पाण्याच्या बादल्या ओतत राहिली, डांबर कडक राहावं म्हणून. पाणी पडलं की मधल्या थरांतली मुरलेली घाण भिजून पुन्हा जिवंत होई, आणि तो वास उठे. तोच वास. पायरीवर बसून तिनं ज्याच्यापासून नाक लपवलं होतं तो. आता नाकाला लावायला पदर घ्यावा तर हात काळे, आणि पदरही काळा.

दुपारी तिला ओकारी झाली. होडीच्या आडोशाला जाऊन ओकली, तोंड धुतलं, परत येऊन बसली. लांब्या बघत होता.

"काय बघतोस? बाई ओकताना पाहिली नाहीस कधी?"

तिसऱ्या प्रहरी मिस्त्री वाटेनं चालला होता. थांबला. ओठ तुटून काठावर पडला होता, तुकड्या तुकड्यांनी, रेड्याच्या आतड्यासारखा काळा. मिस्त्रीनं एक तुकडा पायानं उलटा केला.

"हाच तो," तो म्हणाला.

आक्कानं मान वर केली नाही. "उभा आहेस तर हात लाव. दुसरी पटाशी तिथं पडलीय."

त्यानं कोपरानं नाक पुसलं आणि उचलली. आक्का त्याच्या शेजारी हातभर अंतरावर बसली होती. सरकली नाही.

उन्हं उतरेपर्यंत आक्काचे एकोणीस थर निघाले. अगदी तळाशी, फळ्यांना लागून, एकच थर राहिला होता. कागदासारखा पातळ, सगळीकडे सारखा, गुळगुळीत. नवऱ्याच्या हातचा शेवटचा. त्याला कुणी पटाशी लावली नाही. पण फळ्यांच्या जोडांत फटी होत्या, बोट जाईल अशा. त्यांत सूनबाईनं तेलात भिजवलेल्या सुतळ्या ठोकून बसवल्या. मग डांबर तापवलं. लांब्यानं सवयीनं कुंचा आईपुढं केला.

आक्काची बोटं सुजून मिटत नव्हती.

"तिला दे," ती म्हणाली. "आणि पातळ मार. दाखवायला नाही लावायचं, पाणी अडवायला लावायचं."

"माहीत आहे," सूनबाई म्हणाली.

"माहीत आहे म्हणे," आक्का म्हणाली, पण ते स्वतःशीच.

*

शनिवारी पलीकडून निघायलाच उशीर झाला. निम्मे कॅन परत ठेवा, असं लांब्या दोनदा म्हणाला. सगळे अठरा भरा, असं आक्का एकदाच म्हणाली. निघाले तेव्हा गवळ्याच्या घड्याळात साडेसात वाजून गेले होते. जुन्या चालीनं पाऊण तासाची वाट.

लांब्यानं दांडा पिळला. होडीनं नाक वर केलं, क्षणभर तशीच राहिली. मग नाक खाली आलं. मागचा फेस पातळ झाला, मग गेलाच. दोन रेघा सुटल्या. इंजिनाची किंचाळी उतरून एकसुरी गुणगुण लागली. लांब्या हसला नाही. त्यानं आईकडं पाहिलं आणि तोंड घट्ट मिटलं.

पण होडी गळत होती. एका सुतळीतून पाणी यायला लागलं, मग दुसऱ्या. भरलेल्या कॅनांच्या बुडाशी काळपट पाणी हिंदकळायला लागलं. आक्कानं वाडगा उचलला आणि उपसायला बसली. काळ्या, सुजलेल्या, डांबराच्या हातांनी. वाडगा बोटांत धरवेना, म्हणून दोन तळव्यांत दाबून धरला. समोर सूनबाई दुसऱ्या वाडग्यानं उपसत होती. दोघींचे वाडगे एकमेकींवर आपटत होते.

"तुझं आधी," आक्का म्हणाली, "मग माझं. नाहीतर दोघी एकमेकींच्या अंगावरच ओतू."

मग ते लयीत आलं.

राड्याच्या कडेला होडी टेकली तेव्हा धक्क्यावर टँकर उभा होता, इंजिन चालू होतं, पण उभा होता. लांब्यानं आणि सूनबाईनं कॅन खांद्यावर मारले. आक्का राड्यातून पुढं निघाली, दोनदा पडली. मांड्यांपर्यंत चिखल, चेहऱ्यावर डांबर, लुगड्याला कालच्या ओकारीचा डाग तसाच. साहेब वही घेऊन वर उभे होते. ती जवळ आली तसा त्यांनी रुमाल नाकाला लावला.

तिनं तो रुमाल पाहिला. तिला आपली पायरी आठवली.

"आठाला सहा कमी," साहेब रुमालातून म्हणाले. "अठरा कॅन?"

"अठरा."

"करा सही."

त्यांनी वही धरली, पेन पुढं केलं. आक्कानं पेन घेतलं. ते बोटांतून निसटून खाली पडलं. लांब्यानं उचलून दिलं. पुन्हा धरलं. पहिल्या अक्षराची उभी रेघ काढायला गेली, पेन डांबराला चिकटलं, रेघ भलतीकडंच गेली. बोटं मिटत नव्हती. मागं धक्क्यावरचे चौघे पाचजण कॅन मोजत उभे होते, ते सगळे बघत होते. त्यातला एकजण काहीतरी हळूच म्हणाला आणि दुसरा खोकल्यासारखं हसला.

"राहू दे आक्का," साहेब म्हणाले, "अंगठा चालेल. थांबा, शाईचा डबा आणतो."

"शाई कशाला?"

तिनं डावा हात वर केला, अंगठा बघितला. काळा, फाटलेला, नखाच्या कडेला एकोणीस वर्षांतली कुठलीतरी घाण. तिनं तो वहीच्या पांढऱ्या चौकोनात टेकवला आणि दाबला. बराच वेळ दाबला. उचलला तेव्हा पानही थोडं वर आलं, मग सुटलं.

साहेबांनी वही मिटायला घेतली.

"मिटू नका," आक्का म्हणाली. "चिकटेल. हे वाळत नाही लवकर."

मग तिनं मागं वळून हसणाऱ्याकडं पाहिलं. त्याचं तोंड बंद झाल्यावर ती धक्क्याच्या कडेला गेली आणि खाली राड्यात शेवटचे कॅन उचलणाऱ्या सुनेला मोठ्यानं ओरडून म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं:

"पुढच्या वर्षी खरवडायचं काम माझं. डांबर तू लाव. आणि येताना रॉकेल आण गं, शी, हात बघवत नाहीत माझे!"